पान लागल्यावर पहिला तास कुणाला द्यायचा?

घणसोली गावाच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे आणि पश्चिमेला ठाणे खाडी, तिच्या काठाची खारफुटी. मधल्या पट्ट्यात एके काळी भातखाचरे होती, खाडीच्या बाजूला मिठागरे होती. आता तिथे रेल्वे आहे, औद्योगिक वसाहत आहे, सिडकोचे सेक्टर आहेत आणि या सगळ्यांच्या मध्ये दाटीवाटीने उभे असलेले आगरी-कोळ्यांचे जुने गाव आहे. माणसांचे राहणे बदलले, पण डोंगराकडून आणि खाडीकडून येणारे साप अजूनही येतात. उंदीर असतात तिथे साप येतो, आणि गटारे, कचरा, बांधकामाचा राडारोडा व धान्याचे साठे जिथे आहेत तिथे उंदीर असतातच. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत पडवीत, चपलांच्या ढिगाआड आणि क्वचित अंथरुणापर्यंतही पोहोचतो.

साप चावला, म्हणजे आपल्या बोलीत पान लागले, तर काय करायचे, याबद्दल आपल्याकडे सल्ल्यांची कधीच कमतरता नसते. "दोरी बांध", "ब्लेडने चीर दे", "भगताकडे ने", "मिरची खायला दे, तिखट लागली तर विष नाही." हे सांगणारी माणसे बहुधा आपल्याच घरातली, आपल्या काळजीपोटी बोलणारी असतात. म्हणून त्यांचे ऐकले जाते, आणि म्हणूनच हा लेख लिहिणे मला गरजेचे वाटते. सर्पदंशाबद्दलचा प्रत्येक गैरसमज शेवटी एकाच गोष्टीचा बळी घेतो, तो म्हणजे वेळेचा. आणि सर्पदंशात गेलेला वेळ कोणत्याही औषधाने भरून काढता येत नाही.

वेळेला इतके महत्त्व का?

सापाच्या विषावर सिद्ध झालेला उपाय एकच, तो म्हणजे प्रतिविष. घोड्याला विषाची अगदी अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचली जाते, त्याच्या रक्तात विषाविरुद्धची प्रतिपिंडे तयार होतात आणि ती वेगळी काढून हे औषध बनते. ही पद्धत १८९० च्या दशकात पुढे आली. आपल्या राज्यात परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी कित्येक दशके जोडलेले आहे.

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. जे विष आधीच मज्जातंतूंच्या टोकांवर जाऊन बसले, ज्याने मूत्रपिंडाला इजा केली किंवा स्नायू नासवले, ते नुकसान प्रतिविष उलटवू शकत नाही. मण्यारीच्या दंशात उशीर झाला तर रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. घोणसीच्या दंशात उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येते. म्हणून पहिला तास रुग्णालयाच्या वाटेवर गेला पाहिजे.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली असावीत, असा देशव्यापी मृत्यूपाहणीवर आधारलेला अंदाज आहे. त्याआधीच्या, २००५ च्या आकडेवारीत असे दिसले होते की मरण पावलेल्या दर चारांपैकी सुमारे तिघांचा मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला. कुणी घरी गेले, कुणी वाटेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते उद्दिष्ट गाठायचे तर औषधाइतकीच गरज आहे ती माणसे वेळेत रुग्णालयात पोहोचण्याची.

"मंत्राने गुण आला, आम्ही डोळ्यांनी पाहिले"

हा सगळ्यांत चिवट समज आहे, कारण तो ऐकीव गोष्टीवर उभा नसून पाहिलेल्या गोष्टीवर उभा आहे. सांगणारा खोटे बोलत नसतो. साप चावलेला माणूस भगताकडे गेला, त्याच्यावर मंत्र टाकला, अंगावरून पाला उतरवला आणि तो बरा होऊन घरी आला, हे त्याने खरोखरच पाहिलेले असते.

मग तो बरा कशामुळे झाला? भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बिनविषारी आहेत. आपल्या भागात सहज दिसणारी धामण, पाण्याजवळ राहणारी दिवड, गवतातली नानेटी, घरात शिरणारा कवड्या हे सगळे बिनविषारी. ते चावले तर जखम होते, भीती वाटते, पण विषबाधा होत नाही. शिवाय विषारी सापाच्याही बऱ्याच दंशांत विष टोचले जात नाही किंवा फारच थोडे टोचले जाते. विष ही सापाची शिकारीची शिदोरी आहे आणि स्वतःच्या बचावासाठी चावताना तो ती दरवेळी खर्च करतोच असे नाही.

आता समजा, एखाद्या भगताकडे दहा जण आले आणि त्यांतल्या आठांना विषबाधा झालेलीच नव्हती. ते आठ जण मंत्राशिवायही बरे झाले असते. पण गावात चर्चा होते ती या आठांची, कारण ते बाजारात भेटतात, लग्नाला येतात आणि आपली कथा सांगतात. उरलेल्या दोघांबद्दल "आयुष्य संपलं होतं", "आणायला उशीर केला" किंवा "काही विटाळ झाला असेल" असे म्हटले जाते. यशाचे श्रेय मंत्राला आणि अपयशाचा दोष नशिबाला, असा हिशोब असेल तर जगातला कोणताही उपाय गुणकारीच ठरेल.

कोणत्याही उपायाबद्दल एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या: हा उपाय केला नसता तर काय झाले असते? हा प्रश्न सापापुरता नाही. काविळीची माळ, नागिणीवरची फुंकर, मुतखड्याचा दोरा या सगळ्यांना तो लावून पाहा.

दोरी, ब्लेड, तोंड आणि बर्फ

सर्पदंशानंतर घरात जे केले जाते, त्यातले बरेचसे नुसते निरुपयोगी नसून घातक आहे.

घट्ट दोरी बांधणे हा त्यातला सर्वांत पसरलेला उपाय. "विष वर चढू नये" म्हणून पायावर किंवा दंडावर सुतळी, नाडी, सायकलची ट्यूब आवळली जाते. यामुळे त्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो. घोणसीचे विष मुळातच मांस नासवणारे, ते एका जागी कोंडले गेले की नुकसान आणखी वाढते. बोटे किंवा पाय गमावण्याची वेळ येते. आणि रुग्णालयात दोरी एकदम सोडली की साचलेले विष झपाट्याने शरीरात पसरते. म्हणून दोरी बांधू नका. कुणी आधीच बांधली असेल तर वाटेत ओढाताण करून सोडू नका, रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सुटू द्या.

चीर देऊन रक्त काढल्याने विष निघत नाही. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठण्याची क्षमताच जाते, आणि अशा वेळी ब्लेडने दिलेली चीर वाहतच राहते. तोंडाने विष ओढणे हे सिनेमात दिसते, प्रत्यक्षात त्याने काही साधत नाही. जखमेवर बर्फ, मीठ, हळद, चुना, पोटॅशियम परमँगनेट किंवा झाडपाला लावल्यानेही विष उतरत नाही. कोंबडीची पिल्ले जखमेला लावण्याची, विष शोषणारा म्हणून दगड चिकटवण्याची रीत काही भागांत अजून आहे. पिल्ले मरतात आणि दगड काही वेळाने गळून पडतो, पण शरीरात खोलवर गेलेले विष जागचे हलत नाही.

कडुलिंबाचा पाला किंवा मिरची खायला देऊन "चव कळते का" हे पाहण्याची परीक्षा तर फार फसवी आहे. पाला कडू लागला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि रुग्णाला झोपू देतात. चव कळणे आणि विषबाधा नसणे यांचा काही संबंध नाही. उलट नागाच्या किंवा मण्यारीच्या दंशात गिळणे अवघड होते, अशा वेळी तोंडात घातलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याच कारणाने दारू, काढा किंवा तूपही पाजू नये.

"दोन दात उमटले नाहीत, म्हणजे विषारी नाही"

दंशाच्या खुणेवरून साप ओळखण्याचा भरवसा धरू नका. विषारी सापाची कधी एकच खूण उमटते, कधी ओरखडा दिसतो, कधी चार ठिपके दिसतात. मण्यारीचे दात इतके बारीक असतात की खूण शोधूनही सापडत नाही.

मण्यारीबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण सर्वाधिक गाफील ठेवणारा दंश तिचाच असतो. ती काळ्या-निळसर चमकदार अंगावर पांढऱ्या पट्ट्या असलेली, रात्री फिरणारी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यान चावते. वेदना जवळजवळ होत नाही, सूज येत नाही. माणूस मुंगी चावली असे समजून कूस बदलतो. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, घसा दाटल्यासारखा वाटतो, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी कारण नसताना पोटदुखी आणि पापण्यांची गळ दिसली, तर पित्ताची गोळी देऊन थांबू नका. साप कुणी पाहिला नसला तरी मण्यारीची शंका घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

नागाच्या दंशात जागेवर दुखते, सुजते आणि पुढे पापण्या, घसा, श्वास यांवर परिणाम होतो. घोणसीच्या दंशात असह्य वेदना, झपाट्याने वाढणारी सूज, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त अशी लक्षणे दिसतात. फुरसे आकाराने लहान आणि कोकणात विशेष आढळणारे, त्याच्या विषानेही रक्त गोठेनासे होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून एकच प्रतिविष आपल्याकडे वापरले जाते. म्हणून उपचारासाठी साप ओळखलाच पाहिजे, पकडलाच पाहिजे, असे नाही. डॉक्टर लक्षणे पाहतात आणि रक्ताची चाचणी करतात. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही, तर रक्तावर परिणाम करणारे विष शरीरात आहे हे कळते. या साध्या चाचणीला महागडे यंत्र लागत नाही.

साप मारून पिशवीतून रुग्णालयात नेण्याच्या नादात दुसऱ्या माणसाला दंश झाल्याची उदाहरणे आहेत. नुकत्याच मेलेल्या सापाचे तोंडही हात लागताच चावू शकते. दुरून मोबाइलवर फोटो काढता आला तर काढा, नाही तर सोडून द्या.

कोळी बांधवांसाठी एक वेगळी सूचना. जाळ्यात चपट्या शेपटीचा साप आला तर तो समुद्रसाप समजा आणि हाताने सोडवू नका. तो सहसा चावत नाही म्हणून त्याला निरुपद्रवी मानले जाते, पण त्याचे विष जहाल असते. आपले नेहमीचे प्रतिविष समुद्रसापाच्या विषासाठी बनवलेले नाही. असा दंश झाला तर श्वासाला आधार देऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयातच जावे लागते.

प्रतिविषाबद्दलचे गैरसमज

"प्रतिविषाची रिअॅक्शन येऊन माणूस मरतो" ही भीती बऱ्याच जणांना असते. घोड्याच्या रक्तापासून बनल्यामुळे काही रुग्णांना खाज, थंडी, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो हे खरे. त्यासाठीच ते रुग्णालयात, शिरेवाटे, देखरेखीखाली दिले जाते आणि त्रास झालाच तर अॅड्रेनॅलिनसारखे औषध हाताशी ठेवलेले असते. या त्रासावर उपाय आहे. विषबाधेकडे दुर्लक्ष केले तर त्यावर नाही.

"लहान मूल आहे, कमी द्या" असे आई-वडील डॉक्टरांना विनवतात. साप समोर मूल आहे की मोठा माणूस हे पाहून विष टोचत नाही. म्हणून मुलालाही मोठ्यांइतकेच प्रतिविष द्यावे लागते. राष्ट्रीय उपचारपद्धतीनुसार सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या दिल्या जातात. त्यामुळे इतक्या कुप्या पाहून घाबरू नका आणि "एक इंजेक्शन मारून घरी सोडा" असा आग्रह धरू नका. लक्षणे दिसत नसली तरी किमान २४ तास देखरेखीखाली राहणे आवश्यक असते.

डूख, दूध आणि मांडूळ

सापाभोवतीच्या कथांमुळे माणसे चुकीच्या गोष्टीला भितात आणि धोक्याच्या जागी बेफिकीर राहतात. म्हणून त्यांचाही विचार करू.

साप डूख धरत नाही. एखाद्या माणसाचा चेहरा लक्षात ठेवून त्याचा पाठलाग करण्याइतकी त्याच्या मेंदूची झेपच नाही. एक साप मारल्यावर त्याच जागी दुसरा आला, तर तो सूड घ्यायला आलेला नसतो. पहिल्याला तिथे आणणारे उंदीर आणि बिळे तशीच शिल्लक असतात. या भीतीपोटी मेलेल्या सापाला पैसे घालून जाळण्यापेक्षा ती बिळे बुजवणे अधिक उपयोगाचे.

साप दूध पीत नाही. तो सरपटणारा मांसाहारी प्राणी आहे, दूध पचवण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पिताना दिसतो, कारण त्याला आधी कित्येक दिवस उपाशी, तहानलेला ठेवलेले असते. ते दूध त्याच्या जिवावर बेतते. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांसाठी प्रसिद्ध होती, तिथल्या जिवंत नागांच्या खेळांवर आणि मिरवणुकीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली बंदी घातली. धामण गाई-म्हशींच्या सडाला लागते, हीही कल्पनाच. गोठ्यात ती येते उंदरांसाठी. धामण ही नागाची मादी नाही, ती वेगळीच जात आहे. दोन धामणी एकमेकांना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसतात, तेव्हा बहुधा दोन नर एकमेकांशी झुंजत असतात. त्यांच्यावर कापड टाकून ते पूजेत ठेवल्याने घरात लक्ष्मी येत नाही.

सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीतली कंपने तो चांगली टिपतो, काही खोल आवाजही त्याला जाणवतात, पण पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही. समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो आपला बचाव करत असतो. नागमणी ही तर निव्वळ कल्पना.

मांडुळाने अनेकांना तुरुंगाची वाट दाखवली आहे. या सापाची शेपटी बोथट, डोक्यासारखी दिसते, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, पैशाचा पाऊस पडतो, अशा थापा मारून लाखो रुपयांचे सौदे ठरवले जातात आणि ठाणे, नवी मुंबई परिसरातही पोलिसांनी अशा तस्करांना पकडले आहे. मांडूळ बिनविषारी आहे, उंदीर खातो, शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे.

आणि सापाचा स्वभाव? १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले. साप उगाच माणसावर धावून येत नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर दाखवायचे होते. पुढे त्यांनीच कात्रजच्या सर्पोद्यानाची उभारणी केली. तो प्रयोग सापांची जाण असलेल्या माणसाचा होता, तसे धाडस कुणीही करू नये. त्यातून घ्यायचा धडा इतकाच की डिवचले नाही, पाय पडला नाही, हात लागला नाही, तर साप बाजूने निघून जातो.

विंचू आणि कुत्रा

घरगुती उपायांत वेळ घालवण्याचा धोका सापापुरता नाही. विंचवाची नांगी लागली की झाडपाल्याचा लेप लावून रात्रभर कळ सोसण्याची आपल्याकडे रीत होती. कोकणातल्या लाल विंचवाचे विष हृदयावर आघात करते. पूर्वी या दंशाने, विशेषतः मुले, मोठ्या संख्येने दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागात रुग्णांजवळ बसून या विषबाधेचा अभ्यास केला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर उपयोगी ठरते हे दाखवून दिले. त्यामुळे मृत्यूचे प्रमाण फार खाली आले आणि त्यांचे काम जगभर वाचले गेले. विंचू चावल्यावर भरपूर घाम, उलटी, हातपाय गार पडणे, धाप ही लक्षणे दिसली तर एक क्षणही घरी थांबू नका.

कुत्र्याच्या चाव्यावर मिरची, चुना किंवा तेल लावू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. "पोटात चौदा इंजेक्शने" हा जुना काळ संपला, आता मोजकी इंजेक्शने दंडात घ्यायची असतात. जखम खोल असेल तर जखमेतही इंजेक्शन द्यावे लागते. "कुत्रा घरचा आहे", "दहा दिवस बघू मग ठरवू" असे म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणे दिसल्यानंतर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

साप घरापर्यंत येऊ नये म्हणून

लसूण, फिनेल, कार्बोलिक अॅसिड, मिठाची रेघ यांवर विसंबू नका. त्याऐवजी उंदरांचे अन्न बंद करा: उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नका, तांदूळ झाकणाच्या डब्यात ठेवा. मोरीच्या आणि गटाराच्या तोंडाला जाळी बसवा, भिंतीतली भोके सिमेंटने बुजवा, दाराखालची फट बंद करा. पडवीतली लाकडे, जुनी जाळी, विटा यांचा ढीग भिंतीला टेकून ठेवू नका आणि तो उपसताना हात घालण्याआधी काठीने हलवा. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट असू द्या. खाटेवर झोपा. जमिनीवर झोपणे भाग असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा, मण्यारीपासून वाचवणारा याहून स्वस्त उपाय दुसरा नाही.

साप दिसला तर लांब उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दूर करा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा नोंदणीकृत सर्पमित्राला कळवा.

भगताकडे नेणाऱ्या माणसाला काय सांगायचे?

महाराष्ट्रात डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड.

पण रात्री दीड वाजता घरात रडारड चालू असताना कायद्याचे कलम सांगून कुणाचे मन वळत नाही. आजीला किंवा काकांना खोटे ठरवत बसू नका, त्यात वेळच जाईल. "तुम्ही देवाजवळ दिवा लावा, आम्ही गाडी काढतो" असे म्हणा. देवाचे नाव घेण्याला कुणाची हरकत नाही, फक्त त्यासाठी गाडी थांबता कामा नये. गावात मंत्र टाकणारे कुणी असतील तर त्यांच्याशी शांत वेळी जाऊन बोला. लोक आधी त्यांच्याकडे धावतात, त्यामुळे "आधी दवाखाना" हा शब्द त्यांच्या तोंडून गेला तर तो सगळ्यांत लवकर ऐकला जाईल.

दंश झालाच, तर एवढे करा

१. सापापासून दूर व्हा. रुग्णाला धीर द्या, आडवे करा, चालू किंवा पळू देऊ नका.

२. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ, घट्ट कपडे लगेच काढा. सूज आल्यावर ते निघत नाहीत.

३. चावलेला हात किंवा पाय फळी किंवा काठीच्या आधाराने, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा सैल बांधून स्थिर ठेवा. दोरी आवळू नका.

४. दंशाची वेळ लिहून ठेवा. पापण्या कधी मिटू लागल्या, उलटी कधी झाली, सूज कुठपर्यंत आली हेही नोंदवा. उलटी होत असेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवा.

५. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका यायला वेळ लागत असेल तर रिक्षा, टेम्पो, शेजाऱ्याची गाडी जे मिळेल त्याने निघा. दुचाकीशिवाय काहीच नसेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागून धरा.

६. रुग्णालयात पोहोचताच "साप चावला आहे" हे पहिले वाक्य असू द्या.

घणसोलीहून ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय आणि वाशीचे सार्वजनिक रुग्णालय ही महापालिकेची रुग्णालये जवळ आहेत, पलीकडे कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र रात्रीही कुठे उपलब्ध असते, याची चौकशी संकट आल्यावर करू नका. याच आठवड्यात एखाद्या मोकळ्या दिवशी जाऊन विचारा, फोन नंबर लिहून घ्या आणि तो देवघराशेजारी किंवा मीटरच्या पेटीवर चिकटवा. आपल्या आळीत रात्री-अपरात्री गाडी काढू शकतील अशा चार चालकांची नावे ठरवून ठेवा. मंडळाच्या सभेत, भजनाला जमलेल्यांत, नागपंचमीला माहेरी आलेल्या लेकींना हे सहा मुद्दे वाचून दाखवा, कारण दंश झाल्यावर घरात जो आधी बोलतो त्याच्याच सांगण्याने पुढचे ठरते. आधी बोलणारा माणूस हे वाचलेला असला, तर पहिला तास रुग्णालयाच्या वाटेवर जाईल.